चौकशीला आलेली माणसं

माझं लग्न ठरायच्या आधी माझ्या वडिलांनी माझ्या सासऱ्यांना पकडून ठेवलं होतं. कॉलनीतल्या मारुतीच्या देवळापुढं पत्र्याचा मांडव आहे, तिथं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून, दोन्ही बाजूंना एकेक निवृत्त माणूस उभा करून. आता दोन्ही घरांत ही हकिकत हसत सांगतात, पण प्रत्येक जण स्वतःला जरा शहाणा ठरवून सांगतो. मी तिथं होते, आणि माझाही अवतार त्या दिवशी काही सांगण्यासारखा नव्हता. म्हणून जसं झालं तसं लिहिते.

आमचं घर सोलापुरात, विजापूर रस्त्याच्या बाजूला. शहर संपता संपता जे प्लॉट पडले, त्यातली आमची कॉलनी. बाबा पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि काही महिने घरात नुसते फिरत राहिले. पंखे पुसले, जुन्या छत्र्या दुरुस्त केल्या, आईला पोळ्या लाटायची योग्य पद्धत सांगून बघितली. आईनं लाटणं त्यांच्या हातात दिलं, तेव्हा ते अंगणात गेले. अशा वेळी आमच्या कॉलनीत मोटरींच्या चोऱ्या सुरू झाल्या आणि बाबांना काम मिळालं.

सोलापूरच्या बाहेरच्या माणसाला हे जरा समजावून सांगावं लागेल. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. काही दिवसांआड येतं, आणि आलं तरी त्याला जोर नसतो. म्हणून घरोघरी एक छोटी मोटर असते. पाणी आलं की ती नळाला जोडायची आणि पाणी ओढून टाकीत चढवायचं. सगळेच ओढतात, त्यामुळं जो ओढत नाही त्याच्याकडं नुसता वारा येतो. आता, नळाला अशी थेट मोटर लावणं नियमात बसत नाही. दंड होतो. मोटर जप्तही होते. त्यामुळं मोटर चोरीला गेली तरी पोलिसांत जायची सोय नाही. काय सांगणार? जी वस्तू आमच्याकडं नसायला हवी होती, ती आता नाही, असं?

म्हणून पोलिसांच्या दफ्तरी आमची कॉलनी अतिशय सुरक्षित होती आणि प्रत्यक्षात दर पाण्याच्या दिवशी कुठल्या तरी घरातून बोंब उठत होती. आमचीही मोटर गेली. त्याच संध्याकाळी बाबांनी देवळापुढं बैठक बोलावली आणि सुरक्षा समिती स्थापन झाली. बाबा अध्यक्ष. सेक्रेटरी म्हणून एका शाळेतले निवृत्त पीटीचे सर. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून गळ्यात शिट्टी घालायला सुरुवात केली.

समितीनं कोपऱ्यावर फलक लावला : ‘अनोळखी व्यक्तींनी चौकशीस सहकार्य करावे.’ मग जो दिसेल त्याची चौकशी सुरू झाली. मीटर बघायला येणाऱ्या माणसाला ओळखपत्र मागितलं. गॅसवाल्याला इतक्या वेळा थांबवलं, की तो सिलिंडर कोपऱ्यावर उतरवून फोन करायला लागला. माझ्या ऑफिसातली मैत्रीण एकदा डबा परत द्यायला आली, तर सरांनी डबा उघडायला लावला.

“चोर यायचे थांबलेत का ते मला माहीत नाही,” आई म्हणाली, “भाजीवाली मात्र थांबली.”

त्याच दिवसांत माझ्या लग्नाचंही चाललेलं होतं. मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला होते, तिशीला टेकले होते आणि दाखवून घेण्याचा मला भरपूर अनुभव झाला होता. साडी नेसायची, ट्रे धरायचा, ‘स्वयंपाक येतो का’ला हो म्हणायचं. पुढं कधी नकार यायचा, कधी काहीच यायचं नाही. माझा बायोडाटा बाबांनी आईच्या अकलूजच्या मावसभावाकडं दिला होता आणि तो तिथून चारी दिशांना पाठवत होता. त्यातून सांगोल्याकडचं एक स्थळ आलं. घरची डाळिंबाची बाग, शेळ्यामेंढ्या, आणि मुलगा अकलूजला एका डेअरीत नोकरीला. येत्या रविवारी ते बघायला येणार होते.

त्याच्या आधीच्या गुरुवारी हे सगळं घडलं. आमच्या कारखान्याला गुरुवारी सुट्टी असायची. मी केसांना तेल लावून, न्हाऊन, डोक्याला पंचा गुंडाळून गच्चीत बसले होते.

आमच्या समोरच्या काकू पिढीजात विणकरांच्या घरातल्या. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि दोन्हींत बोलायची हौस सारखीच. त्या पायरीवर बसून चटणीसाठी शेंगदाणे निवडत होत्या. दुपार टळली होती. तेवढ्यात धोतर आणि पांढरी टोपी घातलेला एक उंच म्हातारा माणूस आणि त्याच्याबरोबर एक बारका, शर्टपँटीतला माणूस त्यांच्यापाशी आले आणि पाणी मागितलं. काकूंनी पाणी दिलं आणि बसा म्हणाल्या. मग त्या उंच माणसानं सहज विचारावं तसं विचारलं :

“समोरचं घर सोताचं हाय का भाड्याचं?”

“सोताचंच की,” काकू म्हणाल्या.

“माणसं किती ऱ्हात्यात?”

“तिघंच. नवरा, बायको अन् पोरगी.”

“पोरगी कामाला जाती म्हणं. किती वाजता जाती, कधी येती?”

काकूंनी तेही सांगितलं. मग दिवसा घरी कोण असतं, आई कुठं बाहेर जाते का, सोन्यानाण्यानं बरी आहेत का, कुणाशी भांडणतंटा आहे का, असं एकेक विचारून झालं. काकूंनी मोकळ्या मनानं सगळी उत्तरं दिली. आईच्या पाटल्या मागच्या दिवाळीला मोडून नव्या केल्या, हेसुद्धा सांगितलं. त्या दोघांनी नमस्कार केला आणि निघाले. जाता जाता बारक्या माणसानं आमच्या घराचा फोटो काढला. एक समोरून, एक बाजूनं.

सगळी माहिती देऊन झाल्यावर काकूंना संशय आला.

त्यांनी कॉलनीच्या ग्रुपवर बोलून निरोप टाकला. घाबरल्या की त्या तेलुगूत शिरतात. त्यामुळं निरोपातलं ‘दोन माणसं’, ‘सोनं’ आणि ‘अय्यो’ एवढंच लोकांना कळलं, पण तेवढं पुरेसं होतं. सरांची शिट्टी वाजली. बाबा चहा अर्धा टाकून, पायात एक चप्पल स्वतःची आणि एक आईची घालून धावले.

ते दोघं कोपऱ्यावर उभ्या असलेल्या पिकअपपर्यंत पोचले होते. सरांनी पिकअपच्या पुढं हात आडवे करून रस्ता अडवला. कुणीतरी मागच्या बाजूला चढलं. तिथं एक पोतं होतं. पोतं बाजूला केलं, तर खाली मोटर.

त्या क्षणी जो ओरडा झाला, तो मला गच्चीत ऐकू आला.

त्यांना मांडवात आणलं. मी खाली उतरून गर्दीच्या मागं उभी राहिले. बाबांनी समोर खुर्ची घेतली. आयुष्यभर त्यांनी फायली हाताळल्या होत्या, माणसाला प्रश्न विचारायची संधी त्यांना पहिल्यांदाच मिळत होती.

“कुठून आलात?”

“सांगोल्याकडनं,” उंच माणूस म्हणाला.

“नाव काय?”

“नाव घिऊन काय करताय?”

लोकांत कुजबुज झाली. बाबांनी मान डोलावली, जणू हेच उत्तर त्यांना हवं होतं. “इथं कुणाकडं आला होता?”

त्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. शेवटी बारका म्हणाला, “भाड्यानं घर बघाय आलतो.”

“कुठलं घर?”

त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि एका घराकडं बोट केलं. “त्ये बगा, हिरव्या गेटाचं.”

“ते माझं घर आहे!” सर ओरडले. “मी कधी भाड्यानं काढलं?”

“मग दुसरं असंल,” बारका म्हणाला.

“आणि ही मोटर?” बाबांनी विचारलं.

“आमचीच हाय की,” उंच माणूस आता जरा चिडून म्हणाला. “शेतातली हाय. जळली हुती, सोलापुरातनं नवी तार भरून घिऊन चाललोय.”

“पावती दाखवा.”

“वळखीचा हाय त्यो. पावती कशाला देतोय?”

गर्दीतला एक जण, जो स्वतः इलेक्ट्रिशियन होता, हळूच म्हणाला की आपल्या नळाच्या मोटरी काखेत मारून नेता येतील एवढ्या असतात. ही विहिरीवरची आहे, हिला उचलायला दोन माणसं लागतील.

“दोनच आहेत,” बाबा म्हणाले.

एवढ्यात मागच्या गल्लीतून एक बाई धावत आली. “माझी मोटर गेली! आत्ता दहा मिनिटांपूर्वी होती! धुणं घालायला गेले, बघते तर नळाला नुसता पाइप!”

सगळे एकदम त्या दोघांकडं बघायला लागले. ते मघापासून आमच्या डोळ्यांसमोर खुर्च्यांवर बसलेले होते. बारक्या माणसाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा तरतरी आली. “आमी तर हितंच हाय की,” तो म्हणाला.

मला वाटलं, सुटले हे लोक. मग बाबा गर्दीकडं वळून सावकाश म्हणाले, “म्हणजे तिसरा बाहेर आहे.”

लोकांना हे फारच पटलं. टोळी आहे म्हटल्यावर समितीची छाती आणखी फुगली. सरांनी हवालदारांना फोन लावला.

हवालदार येईपर्यंत बाबांना पुराव्याची आठवण झाली. त्यांच्या फोनचा कॅमेरा धुरकट होता. “तू काढ गं ह्यांचा फोटो,” ते मला म्हणाले. मी पुढं झाले. डोक्याला पंचा, कपाळावर तेलाचा ओघळ, अंगात विटका ड्रेस. मी फोन वर धरला. उंच माणसानं माझ्याकडं बघितलं आणि एकदम खांद्यावरचं उपरणं तोंडावर ओढून घेतलं.

“बघा! बघा!” सर म्हणाले. “तोंड लपवतोय!”

मीही फोटो काढला. तो अजून आहे. त्यात एक उपरणं आणि एक टोपी दिसते.

हवालदार आले, मोटरसायकल लावली, रुमालानं तोंड पुसलं आणि विचारलं, “तक्रार कुणाची हाय?”

“सगळ्या कॉलनीची,” बाबा म्हणाले.

“काय गेलंय?”

“मोटर.”

“कसली मोटर?”

मघाशी जी बाई एवढी ओरडत होती, ती पदर सावरत दुसऱ्या बाईच्या मागं सरकली. बाबांनी सरांकडं बघितलं. सर म्हणाले, “बोअरची.”

“बोअर कुटं हाय?” हवालदारांनी विचारलं.

“पाडणार आहोत,” सर म्हणाले.

हवालदारांच्या लक्षात सगळं आलं असणार. त्यांच्याही घरी नळ असेलच की. त्या दोघांकडं वळून त्यांनी फोन मागितला. बारक्या माणसानं नको नको करत दिला. हवालदार बोटानं फोटो सरकवत गेले. मेंढ्या. डाळिंबाची फांदी. मोटर. आमचं घर समोरून. आमचं घर बाजूनं. गेटवरची पाटी. मग ते थांबले, फोन जरा लांब धरला, माझ्याकडं बघितलं, परत फोनकडं बघितलं.

“ह्या,” ते मला म्हणाले, “तुमच्या कोण?”

फोनवर मी होते. स्टुडिओत काढलेला फोटो, हिरवी काठापदराची साडी, मागं धबधब्याचा पडदा. फोटोवाल्यानं मला इतकी उजळ केली होती की ओळख पटायला हवालदारांनाही वेळ लागला.

बाबांनी फोन बघितला आणि त्यांचा चेहरा लाल झाला. “माझ्या मुलीचा फोटो!” ते उठून उभे राहिले आणि बाह्या वर सारायला लागले. शर्ट अर्ध्या बाह्यांचा होता, त्यामुळं त्यांचे हात नुसतेच दंडावर फिरत राहिले. “माझ्या मुलीचा फोटो तुमच्याकडं कुठून आला?”

उंच माणसानं तोंडावरचं उपरणं काढलं, घडी करून खांद्यावर टाकलं आणि शांतपणे म्हणाला, “तुमीच धाडलाय की.”

“मी?”

“अकलूजच्या पावन्याकडनं. खाली तुमचंच नाव हाय. ऐतवारी बघाय यायचं ठरलंय न्हवं? म्हनलं, मोटर आणाय सोलापूरला आलोच हाय, तर जाता जाता जरा चवकशी करावी. माणसं कशी हायत म्हणून.” मग सगळ्या कॉलनीवरून नजर फिरवून ते म्हणाले, “कळली.”

हवालदारांना आता उत्साह आला. त्यांनी पुढचं पान सरकवलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. माझं नाव, शिक्षण, उंची. “रंग गोरा,” त्यांनी वाचलं आणि भल्या माणसानं माझ्याकडं न बघता पुढं वाचलं. “स्वभाव शांत. आवड : वाचन व स्वयंपाक.” इथं गर्दीतून आईचा खोकला ऐकू आला. “अपेक्षा : सुसंस्कृत घराणे.”

समोरच्या काकूच म्हणाल्या, “अय्यो, मग मघाशीच सांगायचं की! मी अजून चांगलं सांगितलं असतं.”

आई पुढं आली, हात जोडले आणि म्हणाली, “घरी चला. पोहे टाकते.”

“नगं,” ते म्हणाले. राग नव्हता आवाजात, नुसती दमणूक होती. “लई येळ झालाय. शेरडं बांधायची हायत.” समितीतल्या चौघांनी मोटरीवर पोतं परत नीट घातलं. सरांनी हात हलवून पिकअपला मागं घ्यायला मदत केली, पण शिट्टी वाजवायचं धाडस त्यांना झालं नाही.

त्या संध्याकाळी बाबा जेवले नाहीत. “चौकशीला आलोय म्हणून सरळ सांगायला काय झालं होतं त्यांना?” असं ते मधूनमधून म्हणत होते, आणि आई दर वेळी म्हणत होती, “चौकशी गुपचूपच करतात. तुमच्या वडिलांनी माझ्या माहेरी काय बँड लावून केली होती?” मी खोलीत बसले होते. खरं सांगायचं तर मला वाईट कमी आणि हायसं जास्त वाटत होतं. रविवारी साडी नेसायला नको. ट्रे नको.

आठच्या सुमाराला माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. मी उचलला.

“मी... म्हणजे ज्यांना आज तुमच्याकडं बसवून ठेवलं होतं, त्यांचा मुलगा,” तो म्हणाला.

मी माफी मागायला तोंड उघडलं. तोही त्याच वेळी माफी मागत होता. तो म्हणाला, न सांगता चौकशी करत फिरायची वडिलांना सवयच आहे. मी म्हणाले, माझ्या वडिलांनाही. मग त्यानं विचारलं, “एक विचारू का? बरोबर आलेला मामा म्हणतोय की वडिलांनी तोंडावर उपरणं घेतलं आणि तुम्ही त्याचाच फोटो काढला. खरं आहे का?”

“आहे माझ्याकडं,” मी म्हणाले.

“पाठवाल का?”

मी पाठवला. पलीकडून जे हसू सुरू झालं ते थांबेचना. मलाही आवरेना. आई दारात येऊन उभी राहिली आणि घाबरून म्हणाली, “रडतेस का?” माझ्या इतक्या बघण्याच्या कार्यक्रमांत कुणी कधी हसलेलं मला आठवत नव्हतं. हा माणूस आपल्याला चालेल, असं मला तेव्हाच वाटलं. पण आता स्थळ मोडल्यात जमा होतं.

बाबा मात्र शनिवारी सकाळी उठले, पांढरा शर्ट घातला आणि आईला घेऊन एसटीनं सांगोल्याला गेले. तिथून जीपनं गावात. आईनं मला नंतर सगळं सांगितलं. उंच गृहस्थ लिंबाखाली बाजेवर बसले होते. त्यांनी पाणी दिलं, बसा म्हणाले आणि बराच वेळ मेंढ्यांकडं बघत राहिले. पाठ केलेली माफी बाबा दोन वाक्यांतच विसरले.

मग त्यांनीच विचारलं, “चोर घावला का?”

“नाही अजून.”

“मग माजं नाव तसंच हाय म्हणा की.”

बाबांना हसावं की काय करावं कळेना. तेवढ्यात माझ्या होणाऱ्या सासूबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “बरं केलं त्यांनी. कितींदा सांगितलं, सरळ दारात जाऊन इचारा. धाकट्या जावंच्या येळंला बी असंच हिरीमागं लपून बघत बसला हुता.” मग बाबांकडं वळून : “ऐतवारी येतोय आमी. पर आमची वळख सांगून ठिवा फाटकाव.”

ते आले. बाबांनी ग्रुपवर आदल्या दिवशीच गाडीचा नंबर, रंग आणि येणाऱ्यांची संख्या टाकली होती. मी ट्रे घेऊन बाहेर आले, तर सासरे माझ्याकडं बघून म्हणाले, “फोटूपेक्षा पंच्यातच बरी दिसत हुती.” सगळ्यांत जास्त त्यांचा मुलगाच हसला. लग्न ठरलं.

चोर पुढं पावसाळ्यात सापडला, दुसऱ्याच भागात. पोलीस चौकीत मोटरींचा ढीग लागलाय, ज्यांच्या असतील त्यांनी ओळख पटवून न्याव्यात, असा निरोप आला. आमच्या कॉलनीतून कुणी गेलं नाही. ओळख पटवायची म्हणजे आधी कबूल करायचं. बाबा तेवढे एकदा त्या बाजूनं सहज फिरायला म्हणून गेले आणि घरी येऊन आईला हळूच म्हणाले, “दिसली आपली. बरी आहे.”

आता मी अकलूजला राहते. समिती अजून आहे, पण बाबांचं लक्ष पूर्वीसारखं नाही. त्यांचा आणि सासऱ्यांचा रोज संध्याकाळी फोन असतो. उन्हाळ्यात तो फार लांबतो. सोलापुरात नळाला पाणी कधी आलं, गावाकडं टँकर आला का, आला तर कुणाच्या दारात उभा राहिला, बागेला किती दिलं. दोघंही अगदी खोलात शिरून विचारतात, आणि मी नि माझा नवरा कसे आहोत ते विचारायचं बहुतेक वेळा राहूनच जातं.